हातांवर बसणारा मास्तर

ज्याच्याविषयी लिहिते आहे तो मेलेला नाही. हे आधी सांगितलेलं बरं, कारण आमच्या सांडोर गावात कुणाविषयी चार चांगले शब्द लिहायला घेतले की लोक विचारतात, चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा कधी आहे. तो धुळ्याला बहिणीकडे राहतो, दोन्ही वेळ जेवतो, आणि बहुधा तिच्या मिक्सरला चिठ्ठ्या चिकटवतो.

माझ्या वाडीच्या मागच्या दोन खोल्यांत तो नऊ वर्षं भाड्याने होता. मी त्याला मास्तर म्हणायचे. मास्तर तो कधीच नव्हता, पण गळ्यात दोरीने बांधलेला चष्मा आणि खिशात तीन रंगांची पेनं असलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, म्हणून हाक मारायची मास्तर आणि पुढे बोलायचं अरेतुरे. त्याला चालायचं. तो मला मावशी म्हणायचा आणि अहोजाहो करायचा.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काम काय करतोस?"

"मिक्सर घेतला की खोक्यात एक पुस्तक मिळतं ना, ते लिहितो."

"ते कोण वाचतं?"

"सहसा कुणीच नाही. म्हणून तर चांगलं लिहावं लागतं. माणूस ते उघडतो तेव्हा तो अडलेला असतो, मावशी."

मला वाटलं, याला खरी नोकरी नसणार. पण होती, आणि असली नोकरी करणारे आणखीही होते. मुंबईपासून विरारपर्यंतच्या अशा लिहिणाऱ्यांचं एक मंडळ होतं आणि मास्तर त्याचा अध्यक्ष. यंत्रांची पुस्तकं चांगली व्हावीत एवढाच त्या मंडळाचा उद्योग. चांगल्या पुस्तकाला ते आपला शिक्का द्यायचे. तो शिक्का पुस्तकावर छापायला मिळावा म्हणून कंपन्या मागे लागायच्या, असं तो सांगायचा. मी त्याच्या मागे कुणाला लागलेलं पाहिलं नाही, एक आमचा कुत्रा सोडून.

त्याच्या खोलीत एक पंखा, एक शेगडी आणि चार लोखंडी ट्रंका. ट्रंकांत पुस्तकं. कधी न घेतलेल्या यंत्रांची. शिलाई मशीन, पिठाची चक्की, दात घासायचं यंत्र, एकदा तर मी क्रेनचं पाहिलं. जेवताना तो ताटाशेजारी औषधाच्या खोक्यातला कागद उलगडून वाचायचा. आजारी नसतानाही. आणि स्वतःच्या हाताने त्याला नळाचा वायसर बदलता येत नव्हता. विहिरीवरचा पंप बंद पडला तर मी उघडून बघायची आणि तो दारात उभा राहून विचारायचा, "आत्ता काय केलंत? आणि त्याच्या आधी?"

न्हाणीघराची कडी आमची जुनी, अडून बसायची. घरच्यांना सवय. मास्तर राहायला आल्यावर आठ दिवसांत तिच्यावर कागद लागला. "दार स्वतःकडे ओढा. ओढूनच धरा. मग कडी उचला." मी म्हटलं, माझ्या न्हाणीघराला पाटी कशाला? पण त्या दिवसापासून एकही पाहुणा आत अडकला नाही. त्याआधी माझा व्याही अर्धा तास अडकला होता.

एकदा मी गेट रंगवायला काढलं. डबा उघडला, ब्रश बुडवला, तेवढ्यात हा धावत आला.

"मावशी, कोणता रंग?"

"हिरवा."

"पंधरा दिवस थांबता?"

"का? मुहूर्त नाही?"

तर म्हणे, मंडळाच्या लोकांना स्टेशनपासून इथे यायचा रस्ता त्याने लिहून दिला होता आणि त्यात 'निळं गेट' असं होतं. नवा कागद सगळ्यांना पोचेपर्यंत गेट निळंच राहायला हवं. मी थांबले. रंगावर साय धरली. आजही ते गेट बघते तेव्हा राग येतो, कारण साय मिसळल्यामुळे खालच्या बाजूला गुठळ्या आल्या.

मी चौथी शिकले आहे. मिशनच्या शाळेत, तीही शेवटी शेवटी वाडीतलं काम बघून. वाचता येतं, पण बोट ओळीखाली धरून. एके दिवशी मास्तर एक छोटा वजनकाटा आणि चार पानं घेऊन माझ्या पडवीत आला. म्हणाला, "हे वाचा आणि तसं करा. मला काही विचारायचं नाही. मी काही सांगणार नाही." मग समोरच्या बाकावर बसला आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसला.

"हे काय आता?"

"हात मोकळे राहिले की बोट दाखवतात," तो म्हणाला, आणि तोंडही मिटून घेतलं.

अर्धा तास गेला. पुस्तकात लिहिलेलं बटण मला सापडेना. शेवटी मी काटा ढकलून दिला. "मला नाही जमत. मी अडाणी बाई, कुणा शिकलेल्याकडे जा."

मास्तरने हात बाहेर काढले. तळव्यांवर बाकाच्या पट्ट्या उमटल्या होत्या. लाल पेन काढून त्याने आपलीच आख्खी ओळ खोडली आणि म्हणाला, "वाचणाऱ्याचं चुकत नाही, मावशी. चुकतं ते लिहिणाऱ्याचं."

एवढ्या आयुष्यात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. नवऱ्याने तर नाहीच.

त्यानंतर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सगळं मंडळच माझ्या पडवीत यायला लागलं. शिक्क्यासाठी आलेलं पुस्तक आधी माझ्याकडे. मी बोट धरून वाचायची आणि करायची. समोर दोन बाकांवर दहा-बारा शिकलेली माणसं हातांवर बसलेली. चांगल्या इस्त्रीच्या कपड्यातली, कंपन्यांतून मोठ्या जागांवर असलेली. रस्त्याने जाणारे आत डोकावायचे. एकदा मिस्सानंतर मला एकीने विचारलं, "बाय, तुमच्याकडे कसली नवी प्रार्थना सुरू झालीय?"

त्यांची उपाध्यक्ष एक बाई होती, नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारी. तिचं बोलणं भराभर, तोडून तोडून. पहिल्या दिवशी तिने मास्तरला बाजूला घेऊन विचारलेलं मी ऐकलं, "सर, शिक्का द्यायचा आणि तो चौथी पास मावशींच्या भरवशावर?"

"त्या माझ्या भरवशावर यंत्र चालवतायत," मास्तर म्हणाला. "मी डिग्री दाखवलीय का त्यांना?"

मंडळ चालवायची त्याची रीत अशी. कुणावर ओरडायचा नाही. कुणी जड जड शब्दांचं पुस्तक आणलं की फक्त म्हणायचा, "चला, मावशींना देऊ." कुणी सुंदर चित्रं काढून आणली आणि बाकीच्यांनी वाहवा केली की हा विचारायचा, "त्या कुठे अडल्या?" एक तरुण मुलगी एकदा रडत आली. साहेबाने तिला सांगितलं होतं की दोन दिवसांत उरक, कोण वाचतंय. मास्तर दिवसभर तिच्याबरोबर केळीच्या सावलीत खुर्ची टाकून बसला आणि दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत ते पुस्तक नीट लिहून काढलं. तिला सांगितलं, "साहेबाला खोटं पाडायचं नाही. दोन दिवसांत दिलं म्हणायचं."

आमच्या फादरनाही त्याने सोडलं नाही. चर्चच्या फलकावर 'नावनोंदणी सुरू आहे' असा कागद होता. मास्तर आमच्या धर्मातला नाही, पण कागद दिसला की थांबणारच. वाचून थेट फादरकडे गेला.

"तुम्ही कुठल्या धर्मग्रामातले, कुठल्या चर्चचे?" फादरनी विचारलं.

"कुठल्याच नाही. पण नाव कुणाकडे द्यायचं आणि कधीपर्यंत, ते मला वाचून कळलं नाही."

दोन महिने फादर माझ्याशी 'तुमचा तो भाडेकरू' असं बोलायचे. मग हळूहळू फलकावर लागायचा प्रत्येक कागद आधी माझ्या पडवीत यायला लागला.

आता जे सांगायचं म्हणून बसले ते सांगते.

मास्तरनेच नियम केला होता की एकदा शिक्का दिलेली पुस्तकं काही वर्षांनी पुन्हा तपासायची. सगळ्यात जुना शिक्का होता त्याच्या स्वतःच्या पुस्तकाला. लाँड्रीवाल्यांसाठी वाफेच्या इस्त्रीचं यंत्र होतं, मागे पाण्याची बंद टाकी असलेलं, त्याचं पुस्तक. ते मंडळात नमुना म्हणून दाखवलं जायचं. नव्या पोरांना त्यातली पानं वाचायला देत. विशेषकरून टाकीचं पान, कारण त्यात खाली जाड रेघांची चौकट होती आणि चौकटीत सावधानतेची सूचना. म्हणे, सूचना कशी द्यावी तर अशी. त्या पुस्तकावरून तर तो अध्यक्ष झाला होता. पण ते तपासलं होतं टेबलाशी बसून, सगळ्यांनी वाचून. तेव्हा मी नव्हते.

त्या रविवारी यंत्र पडवीतल्या टेबलावर ठेवलं. दुकानात असतं तसं हवं म्हणून आधी तासभर चालवून तापवलं. मास्तर त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मला म्हणाला, "टाकीचं पान, मावशी." आणि बसला हातांवर.

मी बोट धरलं. पहिली ओळ: लाल दिवा लागला म्हणजे टाकीतलं पाणी संपत आलं आहे. दिवा लागलेला होता. दुसरी ओळ: टाकीचं झाकण डावीकडे फिरवून काढा. मी झाकणाला हात घातला. मला आठवतं, नायगावची बाई बाकावरून अर्धी उठली होती. पण बोलायचं नाही हा नियम, म्हणून परत हातांवर बसली. मी फिरवलं.

आत कोंडलेली वाफ माझ्या हातावर आली. झाकण उडून पडवीबाहेरच्या माटवाच्या, म्हणजे मांडवाच्या, कुडाला लागलं. मी ओरडले नसते, पण ओरडले.

कुणी पाणी आणलं, कुणी कोरफड तोडायला धावलं. सगळे बोलत होते. मास्तर जागेवरच. तो पानाकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशी, खाली लिहिलंय ना. चौकटीत."

चौकटीत लिहिलं होतं: झाकण काढण्याआधी यंत्र बंद करून वीस मिनिटं थांबा.

मी म्हटलं, "मी चौकटीपर्यंत पोचायच्या आधी माझा हात झाकणापर्यंत पोचला."

शिकलेला माणूस आधी पान बघतो. त्याला चौकट पहिली दिसते, म्हणून तर ती जाड केलेली. मी एक ओळ वाचते आणि ती करते. मग दुसरी वाचते. हे त्या मंडळातल्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, इतक्या वर्षांत, इतक्या जणांच्या. आणि लाँड्रीत काम करणारे तरी कुठे टेबलाशी बसून आधी पान बघणारे.

हात चांगला पंधरा दिवस बांधलेला होता. त्याचं काही नाही, तव्यावर याहून जास्त भाजलं आहे. पण तो जे बोलला ते माझ्या डोक्यातून जाईना. जगात एकच माणूस होता जो म्हणायचा की माझं चुकत नाही, आणि त्याचं पुस्तक निघाल्यावर माझं चुकलं होतं.

त्या आठवड्यात तो माझ्या ओट्यावर चहाला आला नाही. पण पहाटे वाडीत खुडबुड ऐकू यायची. माझा हात बांधलेला म्हणून हा पडवळं आणि भेंडी तोडत होता. भेंडी देठाशी मोडायच्याऐवजी मधूनच मोडलेली, पडवळं कोवळी. टोपलीत ठेवून, मी उठायच्या आत खोलीत. मी ती भाजी बाजारात पाठवली नाही, घरीच खाल्ली. लोकांना दाखवायच्या लायकीची नव्हती.

पुढच्या रविवारी त्याने मंडळाला बोलावलं. उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या पुस्तकाचा शिक्का काढून घ्यायचा. कंपनीला मी कळवलंय. आणि मी अध्यक्षपद सोडतोय." एक घडी घातलेला कागद त्याने टेबलावर ठेवला.

मग नायगावची बाई म्हणाली, "सर, पहिलाच शिक्का चुकीचा होता असं बाहेर सांगितलं तर बाकीच्या शिक्क्यांचं काय राहील? आणि खरं सांगायचं तर मावशींनी पान पूर्ण वाचायला..." तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं.

"बोला," मास्तर म्हणाला. "मीही तेच बोललो होतो. म्हणून तर कागद ठेवलाय."

एवढं तो त्यांना म्हणाला. मला काही म्हणाला नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नायगावच्या बाईला मी तोवर तुसडी समजत होते. तिने तो कागद उचलला, न उघडता पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "आधी पान दुरुस्त करा. जायचं ते नंतर जा. दुकानादुकानात ती यंत्रं चालू आहेत, सर." कंपनीचं उत्तरही तसंच आलं होतं. मंडळाने नवं पान तपासून दिलं तर ते छापून, ज्यांच्याकडे यंत्र आहे त्या सगळ्यांना पाठवायला ते तयार होते.

मास्तरने नवं पान लिहिलं. ते वाचणार कोण? बाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी काय कामाची? मला आता झोपेतही माहीत आहे की थांबायचं असतं." मास्तर खाली मान घालून म्हणाला, "हो. मावशी आता कोऱ्या नाहीत." आणि त्यांच्यातल्या कुणाच्या घरात ओळीखाली बोट धरून वाचणारं माणूस नव्हतं.

माझी थोरली जाऊ तिसरी शिकलेली आहे. बावखल म्हणजे आमचं वाड्यांना पाणी देणारं तळं, त्याच्यापलीकडे तिचं घर. बावखलातल्या पाण्याची पाळी कुणाची यावरून आमचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. चर्चमध्ये शेजारी बाक मिळाला तर आमच्यापैकी एक उठायची. मी त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी बांधलेल्या हाताने तिच्या दारात गेले.

ती वाल सोलत होती. वर न बघता म्हणाली, "हात कसा भाजला?"

"वाचून."

"मग मी कशाला वाचू?"

"मास्तरला कुणीतरी हवंय."

"तुझा मास्तर. तो मंगळवारी माझी भेंडी तोडून गेला. तुझा बांध कुठे संपतो ते त्याला कळत नाही."

"त्याला काहीच कळत नाही. चल."

ती उठली. साडी बदलली, चष्मा पुसला. बावखलाच्या काठाने आम्ही एकामागून एक आलो. ती पुढे.

यंत्र पुन्हा तापवून ठेवलेलं. सगळे बाकांवर, हातांवर. मी दाराशी खुर्ची घेतली. मास्तर माझ्या शेजारच्या बाकाच्या टोकाला. जावेने पान उचललं, बोट धरलं, आणि मोठ्याने, शाळेत वाचतात तसं वाचलं: "लाल दिवा लागला की यंत्राचं बटण बंद करा." तिने केलं. "आता वीस मिनिटं थांबा. घड्याळ बघा." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पान मांडीवर ठेवलं, बोट तिसऱ्या ओळीच्या आधी तसंच धरून ठेवलं, आणि थांबली.

कुणी आधी विचार केला नव्हता की सगळ्यांनाच वीस मिनिटं थांबावं लागेल. पाच मिनिटं झाली. बाहेर कुणीतरी मोटरसायकल उभी करून गेलं. दहा झाली. यंत्र निवताना बारीक आवाज करत होतं. नायगावच्या बाईचा फोन वाजला, वाजून थांबला, तिने हात काढला नाही. जाऊ पुतळ्यासारखी, डोळे घड्याळावर. बारा मिनिटं होऊन गेली असतील. मास्तर माझ्या बांधलेल्या हाताकडे बघत होता.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो."

दोन्ही बाकांवरच्या माना वळल्या. वाचन चालू असताना तो बोलला असं त्या माणसांनी कधी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं पाहिलं.

"मास्तर, गप्प बस," जाऊ म्हणाली. घड्याळावरची नजर तिने काढली नव्हती. "माझं थांबायचं चाललंय."

मास्तर गप्प बसला. नियम होता. मी माझा चांगला हात खुर्चीवर टेकवला होता तो उचलला आणि मांडीखाली घालून त्याच्यावर बसले.

वीस मिनिटं झाली. जावेने बोट एक ओळ खाली सरकवलं, वाचलं, आणि झाकण डावीकडे फिरवून काढलं. आतून काही आलं नाही.